पिअरवर लायसन्स लागत नाही, पण नेमकं कोणत्या पिअरवर? धरमपेठच्या काकांना उत्तर

काका, नमस्कार. तुमची कमेंट मोठी होती आणि रागाची होती, पण त्यातलं काही काही अगदी बरोबर आहे, म्हणून दोन ओळीत उत्तर देऊन मोकळं व्हायला मन झालं नाही, सविस्तरच लिहिते.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. अमेरिकेत मुलांकडे जाणाऱ्या आईबाबांनी समुद्राच्या पिअरवर, म्हणजे किनाऱ्यावरून पाण्यात लांबवर बांधलेल्या पुलासारख्या धक्क्यावर, गळ टाकायच्या आधी तिथले लायसन्सचे नियम पाहून घ्यावेत असं मी मागे लिहिलं होतं. त्यावर काकांचं म्हणणं की ही बाई उगाच लोकांना घाबरवून राहिली, ते स्वतः कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोला मुलाकडे सहा महिने राहून आले, रोज संध्याकाळी पिअरवर बसले, कोणी एक कागद विचारला नाही कारण पिअरवर लायसन्स लागतच नाही, समुद्र काही कोणाच्या मालकीचा नाही, लायसन्स म्हणजे सरकारची पैसे काढायची सोय, आणि नागपुरात बसून समुद्राच्या मासेमारीवर कशाला बोलावं. आणि शेवटी लिहिलं की त्यांचे साडू पुढच्या महिन्यात फ्लोरिडातल्या टँपाला मुलीकडे चालले, त्यांनाही ते हेच सांगणार आहेत.

या शेवटच्या वाक्यासाठी मी लिहायला बसले काका. कारण तुमचं सॅन डिएगोचं सगळं खरं आहे आणि टँपाला तेच लागू होत नाही.

आधी तुमचं खरं कुठे ते सांगते. कॅलिफोर्नियात १६ वर्षं आणि वरच्या प्रत्येकाला मासे धरायला लायसन्स लागतं, पण समुद्रावरच्या किंवा खाडीवरच्या सार्वजनिक पिअरवरून गळ टाकला तर लागत नाही, आणि हे सगळ्यांना आहे, तिथल्यांना पण आणि पाहुण्यांना पण. मला हा नियम मनापासून आवडतो. ज्याच्याकडे बोट नाही, पैसे नाहीत, दोन महिन्यांपुरता आलाय, इंग्रजी तोडकंमोडकं आहे, त्यालाही रॉड घेऊन समुद्रासमोर उभं राहता येतं, यात मनाचा मोठेपणा आहे असं मला वाटतं.

पण ही सूट माणसाला नाही, जागेला आहे. आपल्याकडे प्लॅटफॉर्म तिकीट असतं ना तसं, प्लॅटफॉर्मवर उभे राहा खुशाल, गाडीत चढले की ते तिकीट कामाचं नाही. पिअरच्या पायऱ्या उतरून खाली वाळूत गेले आणि तिथून तोच गळ त्याच पाण्यात टाकला की लायसन्स लागलं. खडकावर बसले, लागलं. आणि लाकडी पूल समुद्रात गेलेला दिसला म्हणजे तो सार्वजनिक पिअर झाला असंही नाही, तो सरकारी मालकीचा पाहिजे, किनाऱ्याला जोडलेला पाहिजे, लोकांना तिथे मासे धरायला मोकळेपणानं आणि फुकट जाता आलं पाहिजे. तुमच्या सॅन डिएगोतलंच घ्या, ला होयाला स्क्रिप्सचा पिअर आहे, लांबून अगदी तसाच दिसतो, पण तो समुद्र संशोधन संस्थेचा आहे आणि आजूबाजूचं पाणी संरक्षित क्षेत्रात येतं. आणि ओशन बीचचा लांबलचक पिअर लाटांनी खराब झाला म्हणून २०२३ पासून बंद आहे. म्हणजे "पिअरवर चालतं" एवढं ऐकून निघालेला माणूस कुठल्या पिअरवर जाऊन उभा राहील याचा भरवसा नाही.

दुसरं, आणि हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. लायसन्स माफ आहे म्हणजे बाकीचे नियम माफ नाहीत. तिथे पिअरवर एका माणसाला दोनच रॉड. हॅलिबट म्हणून तो चपटा मासा लागतो, त्यावर लोक फार खूश होतात, पण तो २२ इंचाच्या आत असेल तर परत पाण्यात सोडायचा. गॅरिबाल्डी म्हणून एक भगवा केशरी मासा दिसतो, इतका सुंदर की फोटो काढल्याशिवाय राहवत नाही, तो कॅलिफोर्नियाचा राज्य सागरी मासा आहे, १९९५ पासून, त्याला धरायचंच नाही. शेवंड (लॉबस्टर) धरायची असेल तर पिअरवरून धरली तरी वेगळं रिपोर्ट कार्ड घ्यावं लागतं. खडकाला चिकटलेल्या मसल शिंपल्या तर १ मे ते ३१ ऑक्टोबर खाण्यासाठी काढायला दरवर्षी बंदी असते, कारण त्या दिवसात समुद्रातल्या सूक्ष्म शेवाळाचं विष त्यांच्यात साठतं आणि शिजवलं तरी ते जात नाही, माणूस लकवा मारल्यासारखा होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. बांगड्याच्या जातीचे मॅकरेल मात्र भरपूर लागतात आणि त्यांना तिथे संख्येची मर्यादा नाही, तुम्ही जे रोज आणत होते ते बहुतेक तेच असणार.

तुम्हाला कोणी विचारलं नाही हे मी मानते. पण तिथले मासेमारीचे नियम पाहणारे वॉर्डन म्हणजे पोलिसांसारखेच अधिकार असलेले लोक असतात आणि त्यांनी मागितलं तर बादली, आइसबॉक्स, रॉड, धरलेला मासा सगळं दाखवावं लागतं, नाही म्हणता येत नाही. आता विचार करा, सत्तर वर्षांचे कोणाचे बाबा एकटे पिअरवर बसले आहेत, मुलगा ऑफिसात, फोन लागत नाही, समोर युनिफॉर्ममधला माणूस भराभर इंग्रजीत विचारतो आणि बादलीत १८ इंचाचा हॅलिबट. त्या वेळी त्या बाबांना "आमच्या ओळखीचे सहा महिने राहून आले, त्यांना कोणी विचारलं नाही" याचा काय उपयोग? मी घाबरवत नाही काका, मासा मोजायला पाच रुपयाची टेप खिशात ठेवा एवढंच सांगते.

आता टँपा. फ्लोरिडात गोष्ट बरीचशी उलटी आहे. तिथे पिअर असो की किनारा, बाहेरून आलेल्या १६ वर्षं आणि वरच्या माणसाला समुद्राचं लायसन्स लागतं, ३ दिवसांचं १७ डॉलर, ७ दिवसांचं ३० डॉलर, वर्षाचं ४७ डॉलर, ऑनलाइन घेतलं तर वर थोडा चार्ज. किनाऱ्यावरून किंवा किनाऱ्याला जोडलेल्या पिअरवरून मासे धरायचं एक फुकट लायसन्स आहे, पण ते फक्त तिथल्या रहिवाशांना. आणि सगळ्यात जास्त लोक इथे फसतात, ६५ वर्षांवरच्यांना लायसन्स नको हे तिथे खरं आहे पण तेही फक्त रहिवाशांसाठी. आपल्याकडचे लोक बोर्डावर ६५ वाचतात, आपला पासपोर्ट पाहतात आणि निवांत होतात. मुलीच्या घरी राहणं म्हणजे रहिवासी होणं नाही, टुरिस्ट व्हिसावर आलेला माणूस पाहुणाच.

पण फ्लोरिडातच एक चांगली सोय आहे. काही पिअरनी स्वतः पिअरचं लायसन्स घेतलेलं असतं, मग तिथून मासे धरणाऱ्या प्रत्येकावर त्याच लायसन्सचं छत्र असतं, वेगळं घ्यायची गरज नाही. टँपाच्या खाडीवर स्कायवे फिशिंग पिअर आहे, तो असाच. माझा भाऊ टँपालाच असतो आणि मी तिथे जाते तेव्हा त्या पिअरवर जाणं होतंच, म्हणून त्याच्याबद्दल थोडं जास्त लिहिते. तो पिअर म्हणजे खरं तर जुन्या सनशाइन स्कायवे पुलाचा उरलेला भाग. ९ मे १९८० ला वादळी पावसात एक मालवाहू जहाज त्या पुलाच्या खांबाला धडकलं, पुलाचा मधला भाग खाली गेला, त्यावरच्या गाड्या आणि एक बस पाण्यात पडली, ३५ माणसं गेली. १९८७ ला शेजारी नवा पूल झाला आणि जुन्याचे दोन्हीकडचे लांब भाग मासे धरणाऱ्यांसाठी ठेवले. गाडी थेट पिअरवर नेता येते, गाडीशेजारी खुर्ची टाकून बसता येतं, रात्रभर लोक असतात, व्हिएतनामी आजोबा, क्युबन कुटुंबं, गुजराती काका, सगळे, आणि अनोळखी माणूसही रॉडला मासा लागला की धावत येऊन जाळी धरतो. आत जायची फी आहे, लायसन्स नाही.

तिथेही नियम आहेतच आणि मला वाटतं ते कळले की कोणालाच ते त्रासाचे वाटणार नाहीत. त्या पिअरभोवती पेलिकन पक्षी खूप असतात, छोट्या माशांसाठी पाच-सहा गळांची माळ टाकली की ते झडप घालतात आणि गळात, दोरीत अडकतात, पंख फाटतात, काही तशीच दोरी घेऊन झाडावर बसतात आणि तिथे अडकून मरतात. म्हणून २०२३ पासून तिथे हिवाळ्याच्या महिन्यांत अशा अनेक गळांच्या माळेवर बंदी आणली आणि मासे धरणाऱ्यांना एक छोटा फुकटचा ऑनलाइन कोर्स करायला लावला. पक्षी गळाला लागला तर दोरी कापायची नाही, त्याला हळूच वर घेऊन सोडवायचं, असं सगळं त्यात शिकवतात. मी अडकलेला पेलिकन पाहिला आहे काका, त्यानंतर हा नियम जाचक आहे असं कोणी म्हटलं तर मला ऐकवत नाही.

अजून एक, तिथे रेडफिश नावाचा मासा लागतो, फार जोरात ओढतो. तो १८ ते २७ इंचामधलाच ठेवायचा. लहान सोडायचा हे आपल्याला कळतं, पण मोठा पण सोडायचा म्हटलं की आपले लोक नाराज होतात, एवढा मोठा लागला आणि सोडू कसा. तर मोठी मादी म्हणजे हजारांनी नाही लाखांनी अंडी देणारी, ती खाडीत राहिली तर पुढच्या वर्षी सगळ्यांना मासा. मधला घ्या, दोन्ही टोकं सोडा.

पैसे काढायची सोय म्हणालात त्याबद्दल. अमेरिकेत १९५० चा एक कायदा आहे, डिंगेल-जॉन्सन म्हणतात, त्यात रॉड, रील, गळ अशा बहुतेक सामानावर १० टक्के कर लागतो आणि तो पैसा राज्यांना माशांच्या कामासाठी वाटतात, म्हणजे मत्स्यबीज सोडणं, पाण्याची पाहणी, पिअर आणि बोटीचे धक्के बांधणं. वाटणी कशी तर ४० टक्के राज्याच्या जमीन-पाण्याच्या क्षेत्रफळावर आणि ६० टक्के तिथे लायसन्स घेतलेल्या लोकांच्या संख्येवर. म्हणजे तुमचे साडू लायसन्स घेतील तर ते त्या मोजणीत एक डोकं होतील. आणि सगळीकडे पैसेच घेतात असंही नाही, न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीत समुद्रासाठी फक्त नाव नोंदवायचं, एक पैसा नाही, पण नोंदवायचं मात्र. ऑस्ट्रेलियात सिडनीकडे समुद्रालाही फी आहे, क्वीन्सलँडला समुद्राचं लायसन्सच नाही. एक देश, दोन राज्यं, दोन गोष्टी. म्हणूनच मी म्हणते की एका गावाचा अनुभव दुसऱ्या गावाला देऊ नका.

आणि नागपूरच्या बाईनं बोलू नये हे. काका, आपल्या भागात समुद्र नाही पण पाणी आणि मासा आहे ना. भंडारा-गोंदियाचे हजारो तलाव आहेत, तिथला ढिवर समाज पिढ्यानपिढ्या त्यावर जगतो, मत्स्य सहकारी संस्था तलावाचा ठेका घेतात, बोटुकली (माशांची पिल्लं) सोडतात, वर्षभर राखण करतात, आणि रविवारी शहरातून आपण गाडी काढून जातो आणि न विचारता गळ टाकून बसतो, म्हणतो एखाददुसऱ्या माशानं काय होतं. तोतलाडोह धरणाचं तर तुम्हाला माहीतच आहे, पेंचच्या राष्ट्रीय उद्यानात येतं, मासेमारीला बंदी आहे, आणि त्यावरून किती वर्षं भांडणं झाली. पाणी कोणाचं आणि मासा कोणी धरायचा हा प्रश्न आपण घरी पाहिलेला आहे. समुद्राकडेही आपलं राज्य आता तसंच पाहून राहिलं, २०२३ मध्ये सिल्व्हर पापलेटला राज्य मासा केलं आणि त्याच वर्षी ५४ जातींच्या माशांची कमीत कमी लांबी ठरवून दिली, पापलेट १३५ मिलिमीटरच्या आत धरायचं नाही. भोईपुऱ्याच्या बाजारात तळहाताएवढं पापलेट दिसलं की आपण स्वस्त म्हणून उचलतो, मी आता उचलत नाही. समुद्र कोणाच्या मालकीचा नाही हे तुमचं वाक्य मला पूर्ण मान्य आहे, आणि म्हणूनच मी टेप घेऊन जाते.

आता साडूंचं. ते किती दिवस राहणार ते तुम्ही लिहिलं नाही. दोन-तीन आठवडेच असतील आणि एखाद-दोन वेळाच जायचं असेल तर सरळ स्कायवेला जायला सांगा, लायसन्सची भानगड नाही, फक्त कोर्स आधी घरी बसून मुलीच्या मदतीनं करून घ्यायचा आणि पिअर उघडा आहे का ते निघायच्या दिवशी पाहायचं, वादळांच्या दिवसात बंद असतो. जास्त राहणार असतील तर ७ दिवसांचं दोनदा घेण्यापेक्षा ४७ डॉलरचं वर्षाचंच घ्या, मग कोणताही पिअर, कोणताही किनारा. सप्टेंबरचा पहिला शनिवार आणि थँक्सगिव्हिंगनंतरचा शनिवार तिथे समुद्राला लायसन्स माफ असतं, पाहुण्यांना पण, त्या दिवशी नातवंडांना घेऊन जाता येईल. शार्क मुद्दाम धरायचा विचार असेल तर किनाऱ्यावरून आणि पिअरवरून त्याला वेगळं परमिट आहे, फुकट आहे पण त्यालाही कोर्स आहे, साडूंना बहुतेक नको असेल. लायसन्सचा फोटो मोबाईलमध्ये, पासपोर्टची झेरॉक्स खिशात, आणि माशाची लांबी मोजायला टेप. त्यांना पिअरचं नाव विचारून इथे खाली लिहा काका, तिथे पिअरचं लायसन्स आहे का नाही ते मी पाहून सांगते.