जपानी माणूस बीपीची गोळी घेत नाही म्हणे!

मावशीने परस्पर बीपीची गोळी बंद केली. कारण काय, तर ग्रुपवर आलेला मेसेज: 'जपानी लोक शंभरी गाठतात, कारण ते डॉक्टरकडे जात नाहीत, गोळ्या घेत नाहीत, उपाशीपोटी कोमट पाणी पितात, मीठ-लोणचं बिनधास्त खातात. अमेरिकेत औषधं जास्त, म्हणून आयुष्य कमी.' खाली हात जोडलेले आणि 'पुढे पाठवा'.

डॉक्टरकडे जात नाहीत? जपानी माणूस वर्षाला सरासरी 11-12 वेळा डॉक्टरकडे जातो. बहुतेक श्रीमंत देशांतले लोक याच्या निम्म्यानेच जातात. 1961 पासून तिथे सगळ्यांना आरोग्य विमा आहे. थाप मारायचीच होती तर निदान दुसरा देश तरी निवडायचा!

आता मीठ, कारण माणूस मरेल तो याने. 1951 ते 1980 अशी तीस वर्षं जपानमध्ये मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण स्ट्रोक, म्हणजे मेंदूचा झटका, होतं. जास्त मिठाने बीपी वाढतं आणि वाढलेल्या बीपीने स्ट्रोक येतो. उत्तरेकडच्या अकितामध्ये 1950 च्या दशकात माणशी रोज 25 ग्रॅमच्या वर मीठ पोटात जायचं. मिसो, खारवलेल्या भाज्या, खारे मासे, म्हणजे मेसेजमधलं ते 'बिनधास्त' लोणचंच. जागतिक आरोग्य संघटना 5 ग्रॅमच्या आत राहा म्हणते. मग गावोगाव बीपी तपासणं सुरू झालं, मीठ कमी करायच्या मोहिमा निघाल्या. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने 2011 मध्ये जपानवर खास लेखमाला काढली. तीत हे लोक इतके कसे जगतात याची जी कारणं दिली आहेत, त्यांत मीठ कमी करणं आहे आणि बीपीच्या गोळ्याही आहेत. हो, गोळ्या. ज्या मावशीने डब्यातून काढून टाकल्या, त्याच.

कोमट पाण्याबद्दल काय बोलणार? प्या. गोळी त्याच्याबरोबरच गिळा.

अमेरिकेचं मात्र अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करतो. आरोग्यावर जगात सर्वांत जास्त खर्च करूनही तिथलं सरासरी आयुर्मान जपानपेक्षा पाच-सहा वर्षांनी कमी आहे. जपानी लोक बेताने जेवतात हेही खरं. तिथे लठ्ठ माणसं शंभरात चार-पाच, अमेरिकेत चाळीसच्या आसपास. पण अमेरिकेची सरासरी खाली ओढायला लठ्ठपणाच्या जोडीला बंदुका आहेत, रस्त्यावरचे अपघात आहेत आणि नशेचे ओव्हरडोस आहेत. 2021 मध्ये एकट्या ओव्हरडोसने लाखाहून जास्त माणसं गेली, त्यातली कितीतरी ऐन तिशी-चाळिशीतली. शिवाय कोट्यवधी लोकांकडे विमाच नाही, म्हणजे बीपी तपासायलासुद्धा ते उशिराच पोहोचतात.