इंजिन नंतर, आधी चासी

जुना फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनची ताकद मिळणारा) ट्रक पुन्हा उभा करण्यावरच्या लेखात सुरुवात इंजिन उतरवण्यापासून करा म्हटलंय, ते मला पटलं नाही. अशा ट्रकचं इंजिन बहुतेक वेळा सुधारतं. चासी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, कुजलेली निघाली तर मात्र सगळी मेहनत पाण्यात. लँड रोव्हरच्या जुन्या सीरिज गाड्याच बघा. १९४८ पासून त्यांचं बाहेरचं पत्र्याचं काम बहुतांश ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचं, म्हणून दिसायला ठणठणीत. चासी मात्र पोलादी, चौकोनी पोकळ पेटीसारखी. पाणी जायची भोकं चिखलाने बुजली की ती आतून गंजते, वरचा रंग शाबूत! छोट्या हातोडीने खालून ठोकत जा. खणखणीत आवाज आला तर ठीक, भद्द आला तर तिथे स्क्रूड्रायव्हर खुपसून बघा. माझा एकदा मुठीपर्यंत आत गेला होता.

कुजका भाग कापण्याआधी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी मापं घ्या आणि आडवे टेकू वेल्ड करा, नाहीतर चासी वाकडी बसते आणि दारं जन्मात नीट लागत नाहीत.

इंजिन जाम असेल तर थेट स्टार्टर मारू नका. स्पार्क प्लग काढून इंजिनच्या सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडा, चार दिवस थांबा, मग हाताने फिरवा.

ब्रेकबद्दल लेखात एकच ओळ आहे, हे खटकलं. जुन्या गाड्यांत बहुधा एकच सर्किट, म्हणजे चारही चाकांना मिळून ब्रेक तेलाचा एकच मार्ग असतो, त्यामुळे एका चाकाचा ब्रेक सिलिंडर गळला की चारही ब्रेक गेले. रबरी नळ्या आणि सील सरसकट नवे घाला. रंगाचं काय, तो शेवटी.