माणसासारखा दिसणारा तो शिकारी कुठून आणला?

नवा भयपट आला किंवा एआयनं बनवलेला एखादा विचित्र चेहरा फिरू लागला, की सोलापुरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर हमखास येतो. हुबेहूब माणसासारख्या, पण माणूस नसलेल्या चेहऱ्याची आपल्याला भीती वाटते हे विज्ञानानं सिद्ध केलंय. म्हणजेच माणसासारखा दिसून माणसांची शिकार करणारा कुणीतरी एकेकाळी होता. जगभरच्या भुतांच्या गोष्टी ही त्याचीच आठवण. आणि भयपट तीच आदिम भीती जागी करतात, असा त्याचा आशय. वाचून अंगावर काटा येतो, म्हणून लोक तो पुढे ढकलतात. पण एकेक विधान तपासायला घेतलं की काहीच टिकत नाही.

आधी ‘सिद्ध केलंय’ हे बघू. या भीतीला ‘अनकॅनी व्हॅली’, म्हणजे अस्वस्थ करणारी दरी, म्हणतात. तिची कल्पना मासाहिरो मोरी या जपानी रोबोटतज्ज्ञानं १९७० मध्ये एका छोट्या लेखात मांडली. त्यात प्रयोग नव्हता, अंदाजानं काढलेला एक आलेख होता. यंत्र माणसासारखं होत जाईल तशी आपुलकी वाढते आणि अगदी जवळ पोचल्यावर एकदम कोसळते, एवढंच तो आलेख सांगतो. मोरीनं उदाहरण दिलं ते कृत्रिम हाताचं. लांबून खरा वाटलेला हात हातात घ्यावा आणि तो गार, बिनहाडाचा लागावा, तसं. पुढच्या प्रयोगांत ही दरी कधी दिसली, कधी दिसली नाही, आणि ती का पडते यावर आजही एकमत नाही.

भीती आहे म्हणजे भीती घालणारा प्राणी होता, हा दुसरा दावा सगळ्यात कच्चा. त्या दरीच्या तळाशी खुद्द मोरीनं ठेवलं होतं प्रेत. मृत किंवा आजारी शरीरापासून लांब राहणारा संसर्गापासून वाचतो, हे एक स्पष्टीकरण. दुसरं असं की चेहरे वाचण्यात आपण इतके तरबेज असतो की जिवंत डोळे आणि प्लॅस्टिकची कातडी हा बेमेळ लगेच खुपतो. दोन्हींत शिकारी लागतच नाही. २००९ मध्ये मकाक माकडांना संगणकावर बनवलेले माकडांचे चेहरे दाखवले, तेव्हा खऱ्याच्या अगदी जवळ जाणाऱ्या चेहऱ्यांकडे पाहणं त्यांनीही टाळलं. आता माकडाचं रूप घेऊन माकडं खाणारा प्राणीही होता म्हणायचं का?

उलट आपल्यासारखे दिसणारे पण वेगळे असे निअँडरथल हे आदिमानव खरोखरच होते, आणि आपल्या पूर्वजांनी त्यांच्याशी संसार केले. आफ्रिकेबाहेरच्या माणसांच्या जनुकांत सुमारे दोन टक्के वाटा त्यांचा आहे. सोलापुरात चादर विणणाऱ्याच्या अंगात तो आहे, ती पांघरणाऱ्याच्याही.

एका फॉरवर्डसाठी एवढं कशाला, असं कुणी विचारलं तर मी राईनपाड्याची आठवण करून देईन. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या त्या गावात जमावानं मुलं पळवणारी टोळी समजून पाच जणांना ठार मारलं. मोबाइलवर तशा अफवा आधीपासून फिरत होत्या. मेलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागत फिरणारे, आपल्याच मंगळवेढ्याकडचे होते. माणसाच्या रूपात शिकारी वावरतो, हे वाक्य गंमत म्हणून पाठवतानाही सोलापूरकराचा हात अडखळायला हवा.

तिसरा दावा भुतांच्या गोष्टींचा. इथं कुणीतरी हटकून सांगतो की भुताचे पाय उलटे असतात, म्हणजे नक्कल ओळखायची खूण आपल्या आजीलाही ठाऊक होती. पण आजीच्या गोष्टीतलं भूत असतं कोण? मुंज झालेला आणि लग्नाआधी गेलेला मुलगा मुंजा होऊन पिंपळावर बसतो. बाळंतपणात गेलेली बाई हडळ होते. ही घरातलीच माणसं आहेत, त्यांचं काहीतरी राहून गेलेलं आहे. आणि चकव्याला तर चेहराच नाही. रोजच्या पायवाटेवर माणूस रात्रभर चालतो आणि पुन्हा त्याच बांधावर येतो, एवढाच चकवा.

मनोविश्लेषक फ्रॉइडनं अशाच भीतीवरच्या १९१९ च्या निबंधात अगदी हाच अनुभव लिहिलाय. इटलीतल्या एका गावात तो फिरफिरून त्याच गल्लीत येत राहिला. त्याच निबंधात तो आगगाडीतला प्रसंग सांगतो: गाडीला जोराचा हिसका बसला, दार उघडलं आणि घरच्या झग्यातला एक म्हातारा त्याच्या डब्यात शिरला. तो आरशातला फ्रॉइडच होता, आणि तो म्हातारा त्याला मुळीच आवडला नाही. त्याच्या आधी, १९०६ मध्ये, येंच या मानसोपचारतज्ज्ञानं जिवंत की निर्जीव या संशयावर बोट ठेवलं होतं. फ्रॉइडला ते अपुरं वाटलं. जे आपलंच होतं आणि आपण दाबून टाकलं, ते परत समोर येतं तेव्हा जीव दचकतो, असं त्याचं म्हणणं. त्याच्या सगळ्याच मतांशी मी सहमत नाही, पण हे पटतं.

राहिला भयपटांचा दावा. नुसत्या अमानवी चेहऱ्यानं भीती वाटत असती तर सोलापूरच्या गड्डा जत्रेतल्या भूतबंगल्यातून पोरं हसत बाहेर आली नसती. आपल्याकडे शाळेच्या गणवेशांचा मोठा धंदा. दुकानात लहान मुलांचे पुतळे उभे असतात: नाकाचा रंग उडालेला, मोठा पडणारा शर्ट पाठीमागून टाचण्यांनी आवळलेला, एक मनगट भलतीकडे वळलेलं. दिवसा आपण त्यांच्या अंगावरच्या कापडाला हात लावून भाव विचारतो. रात्री शटर अर्धं खाली आल्यावर नुसते मोजे घातलेले पाय दिसतात आणि पाऊल थबकतं, तेव्हा तर चेहरा दिसतही नसतो.

‘रिंगू’ या १९९८ च्या जपानी चित्रपटात विहिरीतून येणाऱ्या मुलीचा चेहरा जवळजवळ शेवटपर्यंत केसांआड आहे. अंगावर येते ती तिची चाल. नटीला मागं मागं चालवून ते चित्रण उलटं दाखवलंय, त्यामुळं पावलं माणसाचीच, पण वजन भलतीकडे पडतं. आणि २०१७ च्या ‘लपाछपी’त एक गरोदर बाई उसाच्या फडातल्या घरात येते. ऊस सोलापूर जिल्ह्याला नवा नाही, पंढरपूर-माळशिरसकडे निघालं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तोच. त्या घरातल्या भीतीचं मूळ आहे मुलगी नको असण्यात. ते कुठल्या गुहेतून आलेलं नाही, आजही घराघरांत आहे.