‘शब्द कसेही फिरवा, अर्थ तोच’? मुळीच नाही

माझ्या भाचीला बीएच्या दुसऱ्या वर्षाला भाषाविज्ञानाचा पेपर आहे. परवा तिच्या वहीत वाक्य दिसलं: ‘मराठीत शब्द कसेही फिरवले तरी अर्थ बदलत नाही.’ कुठून घेतलंस विचारलं, तर तिने फोन पुढे केला. मराठीच्या थोरवीचा तोच मेसेज, जो या महिन्यात मला चौघांनी पाठवलाय. आजवर सोडून दिला. आता तो वहीत उतरलाय, म्हणून लिहितोय.

मेसेजमधला दाखला राम-रावणाचा. ‘रामाने रावणाला मारले’ कसंही फिरवा, कोणी कोणाला मारलं ते कळतं. खरं आहे, कारण ते काम ‘ने’ आणि ‘ला’ करतात. एवढं मान्य. पण ‘ट्रॅक्टर ट्रक ओढतोय’ हे फिरवून बघा. ‘ट्रक ट्रॅक्टर ओढतोय’ म्हटलं की बंद पडलेली गाडीच बदलते. घोटाळा टाळायचा तर आपण ‘ट्रॅक्टर ट्रकला ओढतोय’ म्हणतो. एरवी निर्जीव कर्माला ‘ला’ लावायची गरज पडत नाही. जिथे ऐकणारा चुकेल तिथे तो येतो.

आणि जिथे कर्ता-कर्माची अदलाबदल होत नाही, तिथे तरी अर्थ तोच राहतो का? जुन्नरकडे उसाच्या पट्ट्यात कोणालाही विचारा. ‘गावात बिबट्या आलाय’ ही बातमी आहे. ऐकणारा आधी पोरांना घरात घेतो. ‘बिबट्या गावात आलाय’ म्हणजे त्या बिबट्याचा विषय आधीच चालू होता, काल फडात होता, आता गावात शिरला. शब्द तेच, पण ऐकणाऱ्याला आधी काय ठाऊक आहे याचा हिशेब वेगळा. हा हिशेब अर्थात धरायचा नाही, तर अर्थ म्हणजे काय?

नेमका हाच प्रश्न विलेम माथेसिउस यांनी धरला. प्रागच्या चार्ल्स विद्यापीठात ते इंग्रजीचे प्राध्यापक, १९२६ मध्ये तिथे सुरू झालेल्या भाषाशास्त्र मंडळाचे अध्यक्ष. त्यांची मातृभाषा चेक. तिलाही विभक्ती आहे, तिथेही शब्द हलतात. ते ‘हलतात’ म्हणून थांबले नाहीत, ‘कशासाठी हलतात’ हे विचारलं: वाक्य कशाबद्दल आहे ते सहसा आधी, नवं काय सांगायचंय ते नंतर. प्रकार्यवाद, म्हणजे भाषेतली रचना कोणतं काम करते यावरून ती समजून घेण्याची पद्धत, शिकवायचा तर व्याख्या पाठ करून घेण्याआधी मुलांपुढे हा ‘कशासाठी’ ठेवावा.

त्यातच मेसेजच्या दुसऱ्या मुद्द्याचं उत्तर आहे, की इंग्रजीतले शब्द जागचे हलत नाहीत, म्हणून ती दुबळी. ‘हा पूल इंग्रजांनी बांधला’ म्हणताना आपण ‘पूल’ नुसता उचलून पुढे आणतो. इंग्रजी त्यासाठी कर्मणी रचना वापरते. काम तेच, अवजार वेगळं. माथेसिउस यांनी चेक आणि इंग्रजी शेजारी ठेवून हेच दाखवलं.

नासाने संस्कृतला संगणकाची भाषा ठरवलं, हा मेसेजमधला तिसरा मुद्दा नासाशी संबंधित संशोधक रिक ब्रिग्ज यांच्या १९८५ मधल्या एका लेखावरून फुगवलेला आहे. नासाचा तसा कोणताही निर्णय नाही.

सगळ्यांत संताप शेवटच्या मुद्द्याचा: ‘च, तर, ना हे भरतीचे शब्द, शुद्ध लेखनात गाळावेत.’ भाचीने निबंधातून खरोखरच गाळले होते! ‘मीच येणार’ म्हणजे दुसरं कोणी नाही. ‘मी येणारच’ म्हणजे कोणी अडवलं तरी. ‘मी तर येणार’ म्हणजे बाकीच्यांचं मला ठाऊक नाही. एक ‘च’ एक शब्द पुढे सरकला की भांडण बदलतं, आणि आपण मुलांना तो खोडायला लावतो?

प्रत्येक गोष्टीला ‘कशासाठी’ लागू पडतो असं मी म्हणत नाही. खुर्ची स्त्रीलिंगी आणि टेबल नपुंसकलिंगी का, याला आज बोलणाऱ्याच्या गरजेतून उत्तर मिळत नाही.

भाचीने ते वाक्य खोडलंय. आता ती घरातलं बोलणं वहीत टिपतेय, ‘च’ आणि ‘ना’ सकट. काल तिच्या आजीचं ‘खाल्लंस ना?’ आणि ‘खा ना!’ शेजारी शेजारी लिहून तिने मला फोन केला: ‘मामा, हे दोन ‘ना’ एकच आहेत का?’