मुठीतले चार चिंचोके

आज दुपारी गावच्या ग्रुपवर माझा फोटो आला. वर्गाच्या खिडकीशी मी उभी, पोरांकडे पाठ, हात वर करून मोबाईल धरलेला. खाली ओळ, 'शाळेच्या वेळेत बाई मोबाईलमध्ये.' त्यावर दोन-तीन अंगठे, हसणारे चेहरे, आणि एकानं विचारलंय, 'पगार किती असेल हो यांचा?'

संध्याकाळपर्यंत गप्प बसले. आता नाही राहवत.

तो फोटो मी कितीदा तरी मोठा करून पाहिला. डाव्या कोपऱ्यात तिसरीतली एक पोरगी दिसते. तिची मूठ बंद आहे. फोटो काढणाऱ्याला त्या मुठीत काय होतं ते माहीत नाही, म्हणून सांगते. चार चिंचोके होते.

काल रात्री जेवणं उरकल्यावर मी ते चिंचोके धुऊन, पुसून, मोजून पिशवीत भरले. चोवीस. आज तिसरीला भागाकार सुरू करायचा होता. फळ्यावर आकडे मांडून भागाकार शिकवला की पोरं रीत पाठ करतात आणि वाटणी विसरतात. म्हणून पोषण आहाराच्या पाच ताटल्या मांडल्या आणि पोरांना म्हटलं, सगळ्यांना सारखे वाटा. एकेक करत वाटले, प्रत्येक ताटलीत चार पडले. चार उरले. त्या पोरीनं ते उचलले, मूठ मिटली आणि विचारलं, "बाई, हे कुणाचे?"

बाकी म्हणजे काय, हे एखाद्या पोरानं स्वतःहून विचारावं, यासाठी आम्ही जीव टाकतो. वर्गात तो क्षण रोज येत नाही. आणि नेमका तेव्हाच फोन वाजला. 'तात्काळ. लिंक भरा. तीन वाजेपर्यंत. न भरलेल्या शाळांची यादी वर जाईल.' काय हवं होतं? मुलं किती, मुली किती, शौचालयं किती. जूनपासून हीच माहिती तिसऱ्यांदा. सरकारच्या यू-डायस पोर्टलवर आहे, सरल पोर्टलवर आहे, कागदावर सही-शिक्क्यानिशी आहे. मुख्याध्यापक सर तालुक्याला बैठकीला गेलेले. आमची शाळा द्विशिक्षकी, म्हणजे चारही वर्ग माझ्यावर. रेंज फक्त त्या खिडकीत येते. म्हणून मी खिडकीत होते दादा, म्हणून पोरांकडे पाठ होती.

वर्गात मोबाईलवर व्हिडिओ बघत बसणारे मास्तर आहेत. मीही पाहिलेत. असोत. त्यांचा फोटो काढा, मी स्वतः अंगठा देते.

आकडे लागतात, हेही कळतं मला. पुस्तकं त्याच आकड्यांवरून येतात. पण एकदा घेतलेला आकडा सांभाळून ठेवता येत नाही का? मीच दर वेळी वर्ग सोडून तो खिडकीत उभी राहून द्यायचा?

शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याच्या कलम २७ मध्ये शिक्षकाला शिक्षणाबाहेरची कोणती कामं देता येतील ते लिहिलंय. दहा वर्षांनी येणारी जनगणना, आपत्तीतलं मदतकार्य आणि निवडणूक. ती आम्ही करतो. मतदार याद्यांसाठी रविवारी दारोदार हिंडतो, त्याबद्दल आज तोंडही उघडत नाही. पण त्याच कायद्याच्या अनुसूचीत आणखी एक ओळ आहे, ती कुणी वाचत नाही. शिक्षकाचे आठवड्याचे किमान ४५ तास, तयारीच्या तासांसह. तयारीच्या तासांसह! म्हणजे पाठाची तयारी हे काम आहे, हे कायद्याला कळलंय. माझ्या घरच्यांना कळलंय, कारण रात्री चिंचोके मोजताना नवऱ्यानं विचारलं नाही की हे काय चाललंय. फक्त ज्यांनी टाचण वही, म्हणजे पाठाच्या तयारीची वही, तपासायची त्यांना कळलेलं नाही. त्यांना वहीत तारीख हवी, रकाने भरलेले हवेत. चिंचोके कुठं लिहायचे, असा रकानाच नाही.

डी.एड.ला आम्ही हर्बार्ट या जर्मन शिक्षणतज्ज्ञाच्या पंचपदीप्रमाणे, म्हणजे पाठाच्या पाच पायऱ्यांप्रमाणे, टाचणं काढायचो. प्रस्तावना, हेतुकथन करत एका पाठाला चार-चार पानं. तेव्हा वैताग यायचा. आज वाटतं, तेव्हा निदान एका पाठाचा विचार करायला अख्खी संध्याकाळ मिळायची.

आता ती संध्याकाळ आमच्या डी.एड.च्या बॅचच्या ग्रुपवर उरलीय. रात्री दहानंतर तिथं जाग येते. लोक म्हणतात, मास्तरांच्या ग्रुपवर नुसतं रडगाणं. हो, असतं रडगाणं. कुणाला दुसऱ्या शाळेचा पदभार दिलेला, कुणाच्या तांदळाचा हिशेब जुळत नाही, कुणाचं पोरगं आजारी आणि रजा नाही. सांगायचं कुणाला? पण त्याच रडगाण्याच्या मधोमध कुणीतरी विचारतं, 'जोडाक्षरं कशी घेतलीस गं?' आणि चार जण आपापल्या फळ्याचे फोटो टाकतात. कुणी लिंक पाठवून सांगत नाही, कुणी यादी वर पाठवत नाही. तरी टाकतात. माझ्या वर्गात जे काही बरं चाललंय त्यातलं निम्मं तिथून आलंय.

आज मी तो गावचा फोटो तिथं टाकला. वाटलं होतं, सगळे चिडतील. चिडलेच. हिंगोलीचा आमचा मित्र तर एवढा भडकला की त्याचा आवाजी निरोप दोनदा ऐकावा लागला तेव्हा कळला. पण पालघरवाली गप्प होती. बऱ्याच वेळानं तिनं एवढंच लिहिलं, 'त्या पोरीच्या मुठीत काय आहे?'

तिला दिसलं. इतक्या लोकांनी तो फोटो पाहिला, तिला मूठ दिसली.

मी सांगितलं सगळं. लिंक भरून मी वळले तेव्हा ताटल्या उचललेल्या होत्या, पोरं जेवायला बसली होती. ती पोरगी चारही चिंचोके माझ्या टेबलावर ठेवून गेली होती, ओळीत. प्रश्न तसाच राहिला. हे लिहिताना मला रडू आलं, ते ग्रुपवर नाही सांगितलं, इथं सांगतेय.

मग अकरा वाजेपर्यंत आम्ही पाच जण त्या चार चिंचोक्यांवर बोलत होतो. पालघरवाली म्हणाली, चिंचोका मोडत नाही म्हणून बाकी उरते, हे त्यांनाच सापडू दे. कुणी म्हणालं, आधी पंचवीसावा चिंचोका शोधायला लाव पोरांना. हिंगोलीवाला तोवर शांत झाला होता. म्हणाला, "दोन पोरी उभ्या कर आणि तीन भाकरी दे. उरलेली भाकरी कुणाची, ते त्या सांगतील बघ."

उद्याच्या टाचणात प्रस्तावनेच्या जागी तिचाच प्रश्न लिहिलाय, 'बाई, हे कुणाचे?' चिंचोके पिशवीत परत ठेवलेत, चोवीस भरले. पीठ बघितलं, पुरेल. सकाळी तीन भाकरी जास्तीच्या थापायच्या आहेत.