सर, उत्तर जरा लांबलंय

सर, नमस्कार. माझ्या मुलाला अध्ययन अक्षमता आहे, म्हणजे हुशारी असूनही वाचणं, लिहिणं, आकडे अवघड जातात. अशा मुलांसाठीच्या त्याच्या वेगळ्या, विशेष शाळेवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, 'अशी शाळा म्हणजे पोराला वाळीत टाकणं. मी पस्तीस वर्षं शिकवलं. अशी मुलं नेहमीच्या वर्गातच तरून गेली. 2016 चा कायदाही तेच सांगतो.' शिवाय फीवरून एक टोला. सूर रागाचा असला तरी तळमळ कळली, म्हणून सविस्तर लिहितेय.

कायद्याचं आधी उरकते. दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने अध्ययन अक्षमतेला 21 प्रकारांच्या यादीत घेतलं आणि सर्वसमावेशक शिक्षणावर भर दिला, हे खरंच. पण त्यातलं 31 वं कलमही वाचा. किमान 40 टक्के दिव्यांगत्व असलेल्या 6 ते 18 वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, स्वतःच्या पसंतीने, मोफत शिकायचा हक्क आहे. आणि 16 वं कलम शाळांनाच बजावतं की अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखा. आमच्या आधीच्या शाळेनेही ओळखलं होतं. 'आळशी' म्हणून.

तिसरीतली त्याची वही अजून माझ्याकडे आहे. 'दिवस'मधली वेलांटी त्याच्याकडून 'व'ला जायची, 'दविस'. बाईंनी लाल शाईने गोल केला, खाली लिहिलं, दहा वेळा लिही. त्याने लिहिलं. दहाही वेळा 'दविस', आणि अक्षर एरवीपेक्षा नीटस.

आपल्या लिपीचे हे चकवे आपल्याला जाणवतही नाहीत. पहिली वेलांटी बोलताना अक्षरानंतर येते, कागदावर आधी. 'सूर्य'मधला र उच्चारात य च्या आधी, लिहिताना त्याच्या डोक्यावर. नव्या शाळेतल्या ताईंनी त्याला आधी 'द' काढायला लावला आणि मग मागे येऊन वेलांटी. म्हणजे कानाने ऐकलं त्याच क्रमाने हात चालला. रफारासाठी कागदाचा र कापून तो उचलून पुढच्या अक्षरावर ठेवायचा. रव्याच्या ताटात बोटाने गिरवायचं (आपली जुनी धूळपाटी, दुसरं काय!). नुसत्या रफारावर तीन आठवडे गेले. वर्गात आठ मुलं होती, म्हणून जाऊ शकले. आधीच्या वर्गात 58 होती. त्या बाईंना मी दोष देत नाही, पण त्यांनी ते तीन आठवडे आणायचे कुठून?

आकड्यांचंही तेच. 'त्रेपन्न' ऐकलं की हा 35 लिहायचा, कारण ऐकू आधी तीन येतात. 2019 मध्ये दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' आलं तेव्हा केवढी टिंगल झाली! मीही केली होती. आता लाज वाटते.

फीबद्दल मात्र तुमचं म्हणणं बिनतोड. माझा निम्मा पगार त्यात जात होता आणि बसने सव्वा तास लागायचा. मी माझ्या माहेरच्या गावात असते तर हा पर्यायच नव्हता. गल्लीतली पोरंही दुरावली. संध्याकाळी तो घरी पोचेपर्यंत क्रिकेट संपलेलं असायचं, आणि काही दिवसांनी त्याला कुणी हाक मारेनासं झालं. हे मी लेखात लिहायला हवं होतं, टाळलं.

'वाळीत टाकणं' तेवढं पटत नाही. दोन वर्षांनी, सहावीत, तो नेहमीच्या शाळेत परतला. अजून सावकाश वाचतो. सरकारी रुग्णालयाचं प्रमाणपत्र आहे, त्यामुळे परीक्षेत तासाला 20 मिनिटं जादा मिळतात. लेखनिक घ्यायला तो तयार नाही, म्हणतो माझं मी लिहीन.

आणि सर, एक विचारू? तरून गेलेली मुलं तुम्हाला आठवतात, कारण ती पुढे पेढे घेऊन आली असणार. पाचवी-सहावीतच ज्यांचं नाव हजेरीपटावरून गेलं, त्यांतल्या कुणाची वही आठवते का?