२५२० आणि रामानुजन : त्या मेसेजचं काय खरं, काय खोटं

राष्ट्रीय गणित दिन (२२ डिसेंबर) जवळ आला की हा मेसेज पुन्हा फिरायला लागतो. त्याचा मजकूर थोडक्यात असा: १ ते १० या सगळ्यांनी भाग जाणारी संख्या असूच शकत नाही असं जगातले गणितज्ञ मानत होते, रामानुजनांनी २५२० ही एकमेव संख्या शोधली आणि सगळे थक्क झाले, तिचं गुपित म्हणजे आठवड्याचे ७ वार गुणिले महिन्याचे ३० दिवस गुणिले वर्षाचे १२ महिने.

यंदा तो डिचोलीत माझ्या भाचीपर्यंत पोचला. सहावीतली पोर शाळेत प्रार्थनेनंतर हेच वाचून दाखवणार होती. म्हणून गप्प बसवत नाही.

‘असूच शकत नाही’ म्हणे! १ ते १० एकमेकांत गुणा, ३६,२८,८०० येतात. दहांपैकी कुणानेही भागा, बाकी शून्य. सगळ्यात लहान अशी संख्या हवी तर लसावि काढा. ८ घेतला की २ आणि ४ त्यात आलेच, ९ घेतला की ३ आला, ६ आणि १० साठी वेगळं काही लागत नाही, उरले ५ आणि ७. ८×९×५×७ = २५२०. भाचीने हे वहीत चार ओळींत केलं. मग दुप्पट केली, ५०४० आली. तिला ७ ने भागलं तर ७२०, ८ ने ६३०, ९ ने ५६०. तिप्पट ७५६० चालते, चौपट १००८० चालते. एकमेव कसली? अशा संख्या संपतच नाहीत.

आणि गणितज्ञांना माहीत नव्हतं? प्लेटोने ‘लॉज’ या ग्रंथात आदर्श नगरासाठी ५०४० कुटुंबं सुचवली, ती ह्याच कारणासाठी: १ ते १० सगळ्यांनी भाग जातो, आणि ती स्वतः सोडून एकूण ५९ विभाजक. याला २३०० वर्षं उलटून गेली.

वार-महिन्यांचा गुणाकार बरोबर आहे, अर्थ काहीच नाही. ३०×१२ म्हणजे ३६०. आपलं चांद्रवर्ष साधारण ३५४ दिवसांचं, म्हणून तर अधिक मास घालावा लागतो. त्या ३६० ला वारांनी गुणून मोजलं काय?

एक मात्र मान्य करावं लागेल, रामानुजनांचा २५२० शी संबंध आहे. आपल्याहून लहान कुठल्याही संख्येपेक्षा जास्त विभाजक असलेल्या संख्यांवर त्यांनी १९१५ साली लंडन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात मोठा निबंध लिहिला आणि त्यांची लांबलचक यादी दिली. त्या यादीत २५२० आहे: विभाजक ४८, तिच्या आधीच्या १६८० ला ४०. याच कामावर १९१६ मध्ये केंब्रिजने त्यांना पदवी दिली. खरं काम इतकं मोठं असताना लसाविचं गणित त्यांच्या नावावर खपवणं हा त्यांचा अपमान आहे.

२५२० चं वेगळेपण हवंच असेल तर तेही आहे. या यादीतल्या ज्या संख्या आपल्यापुढच्या प्रत्येक संख्येला निःशेष भागतात, अशा फक्त सहा आहेत: १, २, ६, १२, ६० आणि शेवटची २५२०.